टीव्हीला नेसवलेला फेटिया

आमच्या ऑफिसात दुपारी डबे उघडले की पहिला घास तोंडात जायच्या आत कुणाचा तरी संसार मोडलेला असायचा. आमच्यापैकी कुणाचा नाही, मुंबईतल्या कुणा नटाचा किंवा नटीचा. ती बातमी देण्याचा मान निर्मलाताई राठोड यांच्याकडे होता. "गेली वो थे त्याले सोडून," असं म्हणत त्या डब्याचं झाकण काढायच्या. कोण गेली आणि कुणाला सोडून गेली, हे लगेच कळायची सोय नव्हती, कारण नटनट्यांची नावं त्या कधी घेत नसत. घाऱ्या डोळ्यांची, रडका, मोठ्या कुंकवाची सासू, तिसऱ्या बायकोवाला, अशी त्यांची ओळख असे. आमची अर्धी सुट्टी ही माणसं शोधून काढण्यात जाई.

"मॅडम, नाव तं सांगा एखाद्याचं," आमचे शिपाई गजूभाऊ काकुळतीला येऊन म्हणायचे.

"नाव कायले घ्याचं? थे घेतेत का आपलं नाव?"

गजूभाऊ मग पुन्हा पहिल्यापासून अंदाज बांधायला लागत.

मी मूळची यवतमाळची. बदलीवर पांढरकवड्याला आले तेव्हा माझं टेबल निर्मलाताईंच्या शेजारी लागलं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "कोन्ती सिरियल पाह्यतं?" मी जरा मान ताठ करून सांगितलं की माझ्याकडे टीव्ही नाही, आणि असता तरी मी पाहिला नसता. असं सांगणारी माणसं आपण फार मोठं काही सांगतोय अशा समजुतीत असतात, आणि मी त्यातलीच होते. निर्मलाताईंनी माझ्याकडे पाहून "बिचारी" एवढंच म्हटलं आणि ठेच्याची वाटी माझ्याकडे सरकवली. महिन्याभरात मी त्यांच्या बोलण्यात "ती मोठी बहीण नाही, धाकटी" अशा दुरुस्त्या करू लागले. तेव्हा त्या गजूभाऊंना म्हणाल्या, "हे टीव्ही पाह्यत नाही मंते, अन् माह्यं चुकलं का मास्तरनीवानी पट्टी उगारते."

नटनट्यांबद्दल त्या निर्धास्तपणे वाट्टेल ते बोलत. कुणाचं नाक, कुणाची तिसरी सोयरीक, कुणाचं वजन, काही सुटत नसे. पण त्यात वाईट चिंतणं नव्हतं. एकदा मी विचारलं, "ताई, या लोकांशी आपला काय संबंध?" त्या म्हणाल्या, "भावकीतल्या लोकाइले बोललं तं भांडण होते. शेजाऱ्याले बोललं तं पानी भरनं बंद. थे बरे हायेत, दूर हायेत. कितीही बोला, घरी येत नाही." मला हे पटलं. आमच्या ऑफिसात एकमेकांची निंदा इतर ऑफिसांपेक्षा खरंच कमी होती, आणि त्याचं श्रेय मी त्या रडक्या नटाला आणि त्याच्या बायकांना देते.

पांढरकवड्यात फॅशन दोन वाटांनी येते. एक नागपूरहून हायवेनं, आणि दुसरी निर्मलाताईंकडून. फुग्याच्या बाह्या, पाठीला खिडकी, जाळीचे हात, गळ्याशी बंद कॉलर, सगळं त्यांनी आधी घातलं आणि मग गावानं. मेन रोडवरच्या टेलरपुढे त्या मोबाइल धरून बसायच्या आणि मालिकेतला एकच क्षण थांबवून त्याला बाही दाखवायच्या. एकदा त्या साडीवर रुंद पट्टा आवळून आल्या. तेव्हा टीव्हीवरच्या सगळ्याच सुना तसा पट्टा लावून स्वयंपाक करत होत्या. गजूभाऊंनी विचारलं, "काय मॅडम, पोलीस भरती निघाली का?"

"तू लाव न ढेरीवर. पाहू तं दे तुही कंबर कुठं हाये."

तो पट्टा चार वाजेपर्यंत ड्रॉवरमध्ये गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी निकाल दिला: "पाह्याले चांगला, बसाले नाही." फॅशनची त्यांची ही एकच कसोटी होती. घालून दिवसभर खुर्चीत बसता येतं का? येत असेल तर ती फॅशन टिकली, नाहीतर ड्रॉवरमध्ये. त्यांचा तो खालचा ड्रॉवर मी एकदा पाहिला आहे. त्यात तो पट्टा, एक मोठं कानातलं, नागाच्या आकाराच्या टिकल्यांचं पाकीट आणि एक पंखाची पिन पडलेली होती.

त्यांची मुलगी पल्लवी पुण्यात नोकरीला. ती सुट्टीवर आली की निर्मलाताईंचे दोन दिवस आनंदात जात आणि मग काहीतरी बिनसे. एकदा ती गुडघ्यावर फाटलेली जीन्स घालून आली. चांगली महागाची, दुकानातूनच फाटून आलेली. रात्री पोरगी झोपली तेव्हा निर्मलाताईंनी दोन्ही गुडघे शिवून टाकले, आणि तेही नुसते टाके नाहीत, आतून कापड लावून, वरून रंग जुळवून. पल्लवी रडली, आई अडाणी आहे म्हणाली, दुपारभर जेवली नाही. निर्मलाताई हे सगळं आम्हाला सांगताना हसत नव्हत्या.

"मले का समजत नाही का थे फॅशन हाये? समजते. सगळ्याइच्या आधी समजते. पन फाटलेलं पाह्यलं अन् हात रायलाच नाही," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "आमच्या तांड्यात फाटलं तं ठिगळ लावत. अन् ठिगळ लावलं तं त्यावर आरसा लावत."

त्या बंजारा समाजाच्या. त्यांचा तांडा पांढरकवड्याहून आत, जंगलाच्या कडेला. तिथं त्यांची आई होती, जिला त्या याडी म्हणत. तांड्याबद्दल त्या एरवी फारसं बोलत नसत, मीही खोदून विचारलं नाही.

हायवेवर साड्यांचं एक मोठं दुकान निघालं, तेव्हा उद्घाटनाला मालिकेतली एक नटी आली. आमच्या ऑफिसातल्या बायकांना त्या दिवशी एकाच वेळी डोकेदुखी झाली आणि साहेबांनी काही न विचारता सगळ्यांना सोडलं. गर्दी एवढी की ट्रकवाले गाड्या उभ्या करून टपावर चढले होते. निर्मलाताई खांद्यानं वाट काढत थेट पायरीपाशी. नटीनं फीत कापायला हात पुढे केले आणि तिच्या ब्लाउजचा मागचा हूक तुटला. पुढच्या लोकांना काही कळलं नाही. पण मागे उभ्या असलेल्या पोरांचे मोबाइल लगेच वर झाले. तिचाही चेहरा बदलला, पण हसू तसंच ठेवून ती उभी राहिली. निर्मलाताई पायरी चढून गेल्या. फोटो काढून घ्यायला आल्यासारखं तिच्या पाठीला चिकटून उभ्या राहिल्या, आपल्या बांगडीची सेफ्टी पिन काढली आणि ती लावून होईपर्यंत त्या पोरांकडे अशा पाहत राहिल्या की त्यांचे हात आपोआप खाली आले. नटीनं मागे वळून त्यांचा हात दाबला.

दुसऱ्या दिवशी डबे उघडले. "पाह्यली वो मी जवळून," निर्मलाताई म्हणाल्या. "कंबर तं हायेच नाही तिले. अन् रंग सगळा पावडरीचा."

"आणि पिन?" मी विचारलं.

"कोन्ती पिन?" त्या म्हणाल्या, आणि गजूभाऊंना लोणचं वाढू लागल्या.

त्यांच्या मते टीव्ही रिमोटनं मेला. रिमोट यायच्या आधीचा टीव्ही हा खरा टीव्ही. लग्न होऊन त्या सरकारी क्वार्टरमध्ये आल्या. यजमान सिंचन खात्यात. त्या ओळीत पहिला टीव्ही त्यांचा, काळापांढरा, दोन दारांच्या लाकडी पेटीतला. रविवारी सकाळी अख्खी ओळ त्यांच्या खोलीत. पुढे पोरं, मागे बाया, दारात पुरुष, आणि चपलांचा ढीग अंगणाच्या नळापर्यंत. वारा सुटला की अँटेना आदिलाबादकडे वळे आणि बातम्या तेलुगूत येऊ लागत. तरी लोक उठत नसत. तेलुगू का होईना, चालू आहे ना, असं म्हणून पाहत बसत.

"टीव्ही बंद केला का मधात एक ठिपका राहे," त्या सांगायच्या. "पांढरा. हळूहळू बारीक होत जाये. थो जाईपर्यंत कोनी उठे नाही. आता बटन दाबलं का सगळं एकदम गायब. अन् मधात काही बिघाड झाला तं पाटी लागे, व्यत्ययाबद्दल क्षमस्व. तवा टीव्ही माफी मागे लोकाइची. आता कोन मागते?"

या आठवणी त्या कितीदाही सांगत आणि आम्ही कितीदाही ऐकत असू. कोण कुठं बसे, कुणाचं पोर कुठल्या प्रसंगाला घाबरून बाहेर पळे, सगळं त्यांना पाठ होतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. टीव्हीवर कसला तरी बक्षीस समारंभ झाला आणि घाऱ्या डोळ्यांची त्यात एक घेरदार घागरा घालून आली. आरसे, कवड्या, रंगीत कापडाचे तुकडे जोडून केलेला. सकाळपर्यंत तो फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर. ऑफिसातल्या पोरी वेड्या झाल्या. गजूभाऊ फोन घेऊन निर्मलाताईंकडे आले. "मॅडम, हे तं तुमचंच न? तुमच्या तांड्यातलं?"

त्याला फेटिया म्हणतात हे मला तेव्हा कळलं. बंजारा बायकांचा हा परंपरेचा घागरा. निर्मलाताईंनी फोन हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, किनार पाहिली. आम्ही सगळे निकालाची वाट पाहत होतो.

"चांगला हाये," त्या म्हणाल्या आणि डबा न उघडता पिशवीत ठेवला.

त्या दिवशी कुणाचाच संसार मोडला नाही. मला ते खटकलं, पण मी विचारलं नाही. आपण विचारलं नाही की माणूस सांगतं, असा माझा अनुभव आहे.

पल्लवीचं लग्न ठरलं होतं. मुलगा त्यांच्याच समाजातला, तिच्याबरोबर पुण्यात काम करणारा. तो फोटो पाहून तिनं आईला फोन केला: नानीनं तुझ्या लग्नासाठी फेटिया शिवला होता असं तू मागं सांगितलं होतंस, तोच मी लग्नात घालणार. एरवी एवढ्या गोष्टीनं निर्मलाताईंनी ऑफिस डोक्यावर घेतलं असतं. त्या माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाल्या, "रविवारी येतं का माह्यासंगं? तांड्यावर याडीकडं जाचं हाये."

"मी कशाला, ताई?"

"परकं मानूस संगं असलं का मी रडनार नाही."

रिक्षा ठरवून निघालो. कापसाची शेतं मागे पडली आणि सागाची झाडं लागली तशा त्या बोलू लागल्या, समोर बघत, माझ्याकडे न पाहता.

"मी लहान होती तवापासून याडी माह्यासाठी थो शिवून राह्यली होती. दिवसभर वावरात राबे अन् सांजेले ओट्यावर बसून आरसे लावे. मी वयात येईपर्यंत पुरा झाला. अन् लग्नात मी थो घातलाच नाही. मले टीव्हीतल्यासारखं लग्न पाह्यजे होतं. शालू, बँड, अन् सजवलेली गाडी. मनलं, हे अंगावर घातलं तं लोक हासतीन. याडी काही बोलली नाही. घडी करून माह्या पेटीत टाकला."

"मग?"

"मंग क्वार्टरात आली. टीव्ही घेतला. तवा सगळ्याइच्या टीव्हीवर कपडा राहे, भरतकामाचा, आठवते का तुले? टीव्ही उघडा ठेवला तं लोक नावं ठेवत. माह्याकडं भरतकाम कुठलं? पेटी उघडली. घेर कापला, किनार कापली, अन् चारी बाजूनं झालर लावून कव्हर शिवलं." त्या थांबल्या. "लय सुंदर झालं होतं वो. सगळ्या बाया मने, निर्मला, कुठून आनलं? मी सांगो, नागपूरहून."

एका रविवारी याडी लेकीचा संसार पाहायला आली. खोली माणसांनी भरलेली, कार्यक्रम सुरू व्हायचा होता, आणि निर्मलाताई सगळ्यांसमोर कव्हर काढून घडी घालत होत्या. याडीनं ते हातात घेतलं. किनारीवरून बोट फिरवलं. एक आरसा सैल झाला होता, तो अंगठ्यानं दाबून पाहिला. "टीव्हीले शोभते," ती म्हणाली आणि घडी लेकीच्या हातात दिली.

"बस, एवढंच. भांडली नाही, रडली नाही. त्यानंतर माह्या घरी शंभरदा आली असन. माह्या बाळंतपनाले दोन महिने राह्यली. पन माह्या घरात टीव्हीकडं तोंड करून कधी बसली नाही. दाराकडं तोंड करते अन् बसते. सगळे हासत असतेत टीव्ही पाहून, अन् थे रस्ता पाह्यते. मले वाट्टे, एकदा बोलली असती तं मी पाय धरले असते. बोललीच नाही तं माफी मागाची कशी?"

कव्हर आता कुठं आहे, हे मी विचारलं. पहिला टीव्ही गेला, रंगीत आला, त्यालाही तेच कव्हर चाललं. मग भिंतीवरचा चपटा टीव्ही आला. जुना द्या, नवा घ्या, अशी काहीतरी योजना होती. दुकानाची माणसं जुना टीव्ही उचलून घेऊन गेली, त्या तेव्हा ऑफिसात होत्या. टीव्ही कव्हरासकट गेला. त्या संध्याकाळी दुकानात धावल्या, गोदामात शोधलं, पण ते कुणी कुठं टाकलं याचा पत्ता लागला नाही. हे सांगताना त्यांचा आवाज अगदी ऑफिसातला होता, फाइल सापडत नाही असं साहेबांना सांगताना असतो तसा.

याडी ओट्यावर बसली होती. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. सगळा जुना वेश अंगावर, फेटिया, आरशांची काचळी म्हणजे चोळी, डोक्यावरून ओढणी, दंडापर्यंत बांगड्या. कापडाचा रंग उडालेला, आरसे काही ठिकाणी नव्हते. माझ्यासाठी ती वऱ्हाडीत बोलली. चहा झाला, पावसापाण्याचं झालं, माझ्या घरच्यांची चौकशी झाली. निर्मलाताई मूळ विषयाला हात घालत नव्हत्या. दोनदा तोंड उघडून त्यांनी गुळाचा भाव विचारला. तेवढ्यात पल्लवीचाच व्हिडिओ कॉल आला. तिला धीर कुठला?

"नानी," ती फोनमधून ओरडली, "आईला शिवला होता तो फेटिया कुठंय? मला लग्नात घालायचाय!"

निर्मलाताईंनी फोन आईपुढे धरला. मी चहाच्या कपात पाहू लागले.

याडीनं फोनकडे डोळे बारीक करून पाहिलं. "थो? उंदरानं खाल्ला, बाई. इथंच पडून होता माह्याकडं. मीच फेकला."

"अरे देवा! मग नवा शिवशील?"

"डोये गेले आता. सुई दिसत नाही. दुकानातून आन तू, चांगला मिळते मने."

पल्लवी थोडी हळहळली आणि मग नागपूरच्या दुकानांविषयी बोलू लागली. निर्मलाताई आईकडे बघत होत्या. याडी मला म्हणाली, "अजून घे न चहा, जी." विषय संपला. आम्ही परत निघालो. हायवेला लागल्यावर निर्मलाताई म्हणाल्या, "आता तं माफी मागाले जागाच नाही ठेवली तिनं." मग पदरानं तोंड पुसून त्या रिक्षावाल्याला म्हणाल्या की जरा हळू चालव, बाबू. त्यांनी दिलेला शब्द पाळला होता. त्या रडल्या नाहीत.

लग्न पांढरकवड्याबाहेरच्या एका लॉनवर झालं. डीजे होता, वरून ड्रोन फिरत होता. पल्लवीनं नागपूरहून आणलेला आरशांचा घागरा घातला होता, हलका, चमकदार, कवड्या प्लॅस्टिकच्या. छान दिसत होती. निर्मलाताईंनी जरीची साडी नेसली होती आणि ब्लाउजला कुठलीही नवी तऱ्हा नव्हती. मी हे मुद्दाम पाहिलं, कारण लेकीच्या लग्नात त्या काहीतरी अफाट घालून येतील अशी ऑफिसात पैज लागली होती.

याडी आपल्या रोजच्या वेशात आली. आणि मग गंमत झाली. पल्लवीच्या पुण्याच्या मैत्रिणींनी तिला घेरलं. फोटोसाठी रांग लागली. एकीनं विचारलं, "आजी, हा ड्रेस कुठून घेतला तुम्ही?" याडी म्हणाली, "पोरी, अंगावरच हाये हा पहिल्यापासून." पोरी हसल्या, पुन्हा पुन्हा तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. इतकी माणसं त्या दिवशी नवऱ्यामुलाबरोबरही फोटो काढत नव्हती. याडी प्रत्येकीला हात धरून बसवून घेत होती. निर्मलाताई पाहुण्यांचं पाहत फिरत होत्या आणि जाता-येता तिकडे एक नजर टाकत होत्या.

निघायची वेळ झाली. बंजाऱ्यांमध्ये मुलगी सासरी निघताना ढावलो म्हणतात. मुलगी आईच्या, बहिणींच्या, मैत्रिणींच्या गळ्यात पडते आणि रडत-गात माहेराचा निरोप घेते. मोठ्या बायका तो तिला लग्नाआधी शिकवतात. पल्लवी पुण्यात, तिला कोण शिकवणार? तिनं मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ पाहून पाठ केला होता. आईच्या गळ्यात पडून तिनं चांगला सूर लावला, दोन ओळी म्हटल्या आणि पुढचं विसरली. रडता रडता हसली. तांड्याच्या बायकांनी लगेच ती ओळ उचलली आणि पुढे नेली. सगळ्या म्हणत होत्या. निर्मलाताई मात्र लेकीला घट्ट धरून नुसत्याच उभ्या होत्या, ओठ मिटून.

मी त्यांची पर्स आणि पाण्याची बाटली धरून शेजारी उभी होते. त्यांची नणंद माझ्या कानाशी म्हणाली, "तिले येत नाही. तिनं आपल्या लग्नात म्हटलाच नाही न. बँड वाजला अन् हे गाडीत जाऊन बसली. याडी बिचारी हात पसरून तशीच उभी राह्यली."

गाडी हलली. पल्लवी काचेतून हात हलवत गेली. माणसं पांगू लागली, केटरिंगवाले भांडी गोळा करू लागले, आणि डीजेवाल्यानं एक दणदणीत गाणं लावलं. गजूभाऊ आमच्याकडे पाहून तिकडे गेले आणि ते बंद करून आले. निर्मलाताई गाडी गेली त्या दिशेनं पाहत लॉनच्या कमानीत उभ्या होत्या.

याडी खुर्चीवरून उठली. कुणाचा हात न धरता चालत आली. तिनं लेकीचे दोन्ही हात धरले आणि आपल्या गळ्याभोवती टाकले.

"म्हण," ती म्हणाली. त्या आपल्या बोलीत बोलत होत्या, पण एवढं मलाही समजत होतं.

"मले नाही येत, याडी."

"मी सांगतो. माह्या मागून म्हण."

याडीनं सुरुवात केली. आवाज कापरा होता, पण चाल पक्की होती. बापाचं अंगण सुटलं, भावाची विहीर सुटली, असं काहीतरी होतं ते. निर्मलाताई मागून म्हणू लागल्या. रिटायरमेंटला आलेली बाई, केस रंगवलेले, चष्मा नाकावर घसरलेला, एकेक शब्द आईकडून घेत होती आणि चुकत होती. चुकलं की याडी थांबून तो शब्द पुन्हा सांगे. दोन ओळी झाल्या, तिसरी निम्मी झाली आणि निर्मलाताई थांबल्या.

"याडी, थो फेटिया मी कापला. उंदरानं नाही."

"मालूम हाये," याडी म्हणाली. "पुढं म्हण."

आणि निर्मलाताई पुढं म्हणू लागल्या.